मनू, तुझ्या निबंधावरच्या त्या शेऱ्याबद्दल

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता आणि तेवढ्यात तुझी बस आली म्हणून बोलणं अर्धवट राहिलं, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून आता लिहायलाच बसलो. मोठं होणार आहे, जेवण झाल्यावर निवांत वाच.

तर तुझ्या मॅडमनी निबंधाच्या समासात एकच शब्द लिहिला, रॅम्बलिंग, म्हणजे भरकटत गेलेलं. आणि त्यावरून तू ठरवून टाकलंस की आपल्याला मुद्द्याचं बोलताच येत नाही, घरात सगळेच लांबण लावणारे, आजी तशी, बाबा तसे, आणि आता इथून पुढे सेमिनारमधे तोंड उघडायचं नाही, विचारलं तरच आणि तेही एका वाक्यात. हे शेवटचं जे बोललीस ना त्याने माझी झोप गेली. शेरा खोटा आहे असं मी म्हणत नाहीये, निबंध मी वाचलाय, डिक्शनरी जवळ घेऊन वाचलाय, त्याबद्दल खाली लिहितो. पण तू ज्या शेफील्डमधे बसून हा शब्द मनाला लावून घेतलास त्या शेफील्डच्या कामगारांनी तोच शब्द, रानात मोकळं हिंडणं या त्याच्या दुसऱ्या अर्थाने, अभिमानाने आपल्या क्लबच्या नावात घातला होता, १९०० साली, आणि पुढे तो शब्द लावणारी पोरं एका डोंगरापायी तुरुंगात जाऊन आली. हे तुला माहीत असायला हवं असं मला फार वाटतं.

मागच्या जूनमधे आम्ही आलो तेव्हा तू आम्हाला एडेलला नेलंस. शेफील्डहून अर्ध्या तासाची ट्रेन, मधे तो लांबच लांब बोगदा, आणि उतरलं की समोर डोंगर. गावातून वर निघालो आणि पहिल्याच कुंपणाशी मी थांबलो, तुम्ही दोघी पुढे गेलात आणि मग तू परत आलीस विचारायला की दम लागला का. दम नव्हता लागला गं. कुंपण ओलांडायला दोन लाकडी पायऱ्या, खांबावर पिवळा बाण, पलीकडे मेंढ्या चरतायत म्हणजे कुणाचं तरी चालू कुरण, खाजगी मालकीचं, आणि त्याच्या मधून लोकांची पायवाट सरळ गेलेली. आणि तू सांगितलंस की त्या पायऱ्या दुरुस्त ठेवायची जबाबदारी मालकाची असते. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, आधी तलाठी आणि मग मंडळ अधिकारी, त्यातला किती काळ अडवलेल्या रस्त्यांच्या पंचनाम्यात गेला ते तू लहानपणी बघितलंयस, रविवारीसुद्धा कोणी ना कोणी दारात उभं, साहेब वाट नांगरली हो, साहेब तारेचं कुंपण घातलं हो. त्या माणसाला हे बघायला मिळालं तर तो थांबणारच.

मग तू बॅगेतून तो नारिंगी कव्हरचा नकाशा काढलास आणि मी तिथेच गवतात बसून तो उलगडला. हिरव्या तुटक रेषा म्हणजे पायवाटा. आपल्या गाव नकाशावर पायवाट एका तुटक रेषेने दाखवतात आणि गाडीवाट दोन तुटक रेषांनी, मी तुला शाळेत असताना दाखवलं होतं बघ, तलाठी कार्यालयातला तो कापडावर चिकटवलेला नकाशा. इतक्या लांब जाऊन तीच तुटक रेष बघितली आणि एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. फक्त आपल्याकडे ती रेष बघायला तलाठ्याकडे जावं लागतं आणि तिथे कुठलीही पोरगी दुकानातून नकाशा घेते नि चालायला लागते. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा नोंदलेल्या वाटा सुमारे २,२५,००० किलोमीटर आहेत. हे परत आल्यावर वाचायला लागलो, आणि वाचता वाचता सगळा हिवाळा गेला, आई म्हणते रिटायर झाल्यावर पहिल्यांदा तुम्ही इतक्या मनापासून काही वाचताय.

त्या वाटा कुणी सहज दिलेल्या नाहीत. १६०४ ते १९१४ या काळात तिकडच्या पार्लमेंटने ५,२०० च्या वर कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणात घातली, म्हणजे गावाची सामाईक चराऊ राने, माळ, शेताच्या पट्ट्या, सगळं एकेका मालकाच्या नावे. लोक शहरात गिरण्यांत आणि भट्ट्यांवर गेले. मँचेस्टर एका बाजूला, शेफील्ड दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीच्या मधे किंडर स्काउटचं पठार, उंची ६३६ मीटर, आठवडाभर धूर खाऊन रविवारी ज्याला हवा पाहिजे त्याला समोर दिसणारं. पण तिथे जायला बंदी. कारण ग्राउस नावाचा पक्षी, त्याची शिकार १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर, आणि तेवढ्या शिकारीसाठी वर्षभर राखणदार ठेवलेले, काठ्या घेऊन. जागोजागी पाट्या, आत आलात तर खटला भरू. खरं तर नुसतं दुसऱ्याच्या रानात चालणं हा तिथे फौजदारी गुन्हाच नव्हता, दिवाणी मामला होता, म्हणून चालणारे लोक त्या पाट्यांना लाकडी थापा म्हणायचे.

एक केस मला फार आपली वाटली. बोल्टन गावाजवळ विंटर हिल म्हणून डोंगर आहे. तिथल्या जमिनीचे मालक कर्नल एन्सवर्थ, त्यांनी शिकारीसाठी वरची जुनी वाट फाटक लावून बंद केली. ६ सप्टेंबर १८९६, रविवार, लोक जमून फाटक मोडून वर गेले, आकडा १०,००० च्या आसपास सांगतात. मग कोर्ट. तिथे म्हातारे म्हातारे साक्षीदार उभे राहिले, आम्ही लहानपणापासून इथून जातोय म्हणाले, आणि तरी निकाल मालकाच्या बाजूने लागला. ती वाट अधिकृतपणे लोकांची झाली १९९६ मधे, बरोबर शंभर वर्षांनी. मी हे वाचलं तेव्हा त्या साक्षीदारांचाच विचार करत होतो, त्यांना कोर्टात किती बोलू दिलं असेल, कितीदा मधेच तोडलं असेल.

आता तुझ्या शेफील्डचा माणूस. बर्ट वॉर्ड, कारखान्यात काम करणारा इंजिनियर. त्याने १९०० मधे क्लॅरियन रॅम्बलर्स काढलं आणि २ सप्टेंबरला लोकांना घेऊन किंडरला फेरी मारली, नुसत्या कामगारांचा असा चालण्याचा क्लब तोवर फारसा कुठे नव्हता. पण मला त्याची दुसरी गोष्ट भावली. तो दरवर्षी खिशात मावेल अशी छोटी पुस्तिका काढायचा, त्यात वर्षभरातल्या फेऱ्या कधी कुठे ते असायचंच, पण सोबत वाटांचा इतिहास, खडकांची आणि ओढ्यांची जुनी नावं, मेंढपाळांकडून नि जुन्या लोकांकडून ऐकलेल्या हकिकती, जुन्या दस्तऐवजांतले उतारे, सगळं दाटीवाटीने. ही वाट अमक्या दस्तात आहे, तमक्याचा आजा इथून पेठेला जायचा, हे सगळं त्याने चालत चालत आणि लोकांना बोलतं करत गोळा केलं. कधीच वाट न चुकलेला माणूस फार लांब गेलेलाच नसतो अशा अर्थाचं वाक्य तो पुस्तिकेत छापायचा. वाटेसाठी भांडायला हाच माल लागतो मनू, दुसरा नाही. कागद थोडा असतो, बाकी सगळं माणसांच्या तोंडात असतं, आणि तोंडातलं सरळ रेषेत बाहेर येत नाही.

किंडरचं तुला ठाऊक असेल, तरी लिहितो. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला हेफील्ड गाव आहे, तिकडून वर जाणारी एक वाट पायवाटा राखणाऱ्या फुटपाथ सोसायटीच्या लोकांनी मालकांशी बोलून १८९७ मधे खुली करून घेतली होती. वाट खुली, पण वाटेवरून पाऊल बाजूला टाकायचं नाही. २४ एप्रिल १९३२, रविवार, बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा मँचेस्टरचा पोरगा, मोटर मेकॅनिक पण काम सुटलेलं. पोलिस त्याला कोर्टाचा मनाई हुकूम द्यायला रेल्वे स्टेशनवर उभे, म्हणून हा सायकलने हेफील्डला गेला. तिथे दगडाच्या जुन्या खाणीत लोक जमले, चारशेच्या आसपास. भाषण दुसऱ्या कुणीतरी करायचं ठरलेलं पण तो माणूस मागे सरला, मग रॉथमन खाणीतल्या दगडावर चढून स्वतः बोलला. नंतर सगळे त्या खुल्या वाटेने विल्यम क्लफच्या घळीतून वर, आणि मधेच वाट सोडून सरळ डोंगरावर. राखणदारांशी झटापट झाली, एक जण जखमी झाला. एडेलकडून शेफील्डची मंडळी चढून आली होती ती वर यांना भेटली. उतरल्यावर सहा जणांना पकडलं.

जुलैत डर्बीच्या कोर्टात केस उभी राहिली, ग्रँड ज्युरीत फौजी अधिकारी आणि जमीनदार. नुसत्या चालण्याचा गुन्हाच नसल्यामुळे कलम लावलं ते दंग्याचं. रॉथमनने वकील न घेता स्वतःची बाजू स्वतः मांडली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची शिक्षा झाली, त्याला चार महिने. वयं सगळ्यांची १९ ते २३, त्यातली काही ज्यू कामगारांच्या घरातली, ज्यांची नावं तिथल्या लोकांना परकी वाटायची. तू म्हणतेस ना तुझं नाव कुणाला नीट घेता येत नाही म्हणून हात वर करायला नको वाटतं, तेव्हा मला ही पोरं आठवतात. आणि हेही लक्षात ठेव की त्या वेळच्या रॅम्बलर मंडळींच्या मोठ्या अधिकृत संघटना या पोरांच्या विरोधात होत्या, यांच्यामुळे आमच्या चालू वाटाघाटी बिघडतील म्हणायच्या. म्हणजे आपलेच लोक म्हणत होते की गप्प बसा.

पण शिक्षा इतकी जड झाली की लोकांची मनं यांच्याकडे वळली. पुढे १९३५ मधे रॅम्बलर्स असोसिएशन, १९४९ चा कायदा, त्याखाली सगळ्या कौंटींना वाटांचे नकाशे करायला लावले आणि ते करताना गावोगावच्या लोकांना विचारलं, १९५१ मधे पीक डिस्ट्रिक्ट हे पहिलं नॅशनल पार्क, आणि २४ एप्रिल १९६५ ला, तारीख बघ, एडेलपासून स्कॉटलंडच्या हद्दीपलीकडे जाणारा ४३० किलोमीटरचा पायी चालायचा मार्ग, पेनाइन वे, खुला झाला. आपण जेकब्ज लॅडरच्या चढावरून गेलो तो तोच. २००० च्या कायद्याने डोंगर, माळ, हीथ म्हणजे खुरट्या झुडपांची राने आणि नोंदलेली सामाईक राने मिळून इंग्लंडचा साधारण ८ टक्के भाग असा झाला की वाट सोडूनही चाललं तरी चालतं. २००२ मधे सत्तर वर्षांनी हेफील्डलाच, ज्या घराण्याचं ते शिकारीचं रान होतं त्यातल्या, त्या वेळच्या डेव्हनशायरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वतीने जाहीर माफी मागितली. रॉथमन त्याच वर्षी जानेवारीत नव्वदीत वारला होता, त्याला ते ऐकायला मिळालं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि वर पठारावर ज्या फरशांवरून आपण चाललो ना, काळ्या चिखलात बसवलेल्या, आई म्हणाली एवढ्या उंचावर फरशी कोणी आणली, त्यातल्या बऱ्याच पाडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीवरच्या आहेत, हेलिकॉप्टरने वर नेलेल्या. ज्या फरशीवर आठवडाभर उभं राहून लोकांनी मागावर काम केलं ती आता त्यांच्या नातवंडांच्या पायाखाली डोंगरावर आहे. हे मला आधी माहीत असतं तर मी तिथे वाकून हात लावला असता.

आता माझ्या जुन्या कामातलं एक सांगतो, कारण मला तुला मुळात जे सांगायचंय ते त्यात आहे.

आपल्याकडे वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार कोर्ट ॲक्ट १९०६, कलम ५, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे अर्ज करायचा. मग स्थळ पाहणी, पंच, लगतच्या शेतकऱ्यांचे जबाब. अशाच एका केसमधे एक म्हातारे अर्जदार होते, वरच्या शिवारात त्यांची दोन एकर जमीन, आणि खालची जमीन नवीन माणसाने घेऊन मधली वाट नांगरून तार ओढलेली. नकाशावर ती वाट नव्हती. कागद काही नाही. मी विचारलं बाबा, ही वाट कधीपासून वापरता. तर ते सुरू झाले त्यांच्या थोरल्या बहिणीच्या लग्नापासून. मग बैल. मग बैलाच्या पायाला काय झालं होतं. माझ्यासोबतचा कोतवाल चुळबुळ करायला लागला आणि समोरच्या पार्टीचा माणूस मोठ्याने म्हणाला, मुद्द्याचं बोला की, आम्हाला कामं आहेत.

मी म्हणालो बोलू द्या त्यांना.

आणि ते बोलत गेले. बहिणीचं लग्न बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात, वऱ्हाडाच्या गाड्या या वाटेने आल्या कारण ओढ्याकडची वाट खचलेली. दुष्काळात पलीकडे पाझर तलावाचं काम निघालं तेव्हा अख्ख्या वाडीच्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन इथून जायच्या, त्यांची आईसुद्धा. वाटेत वळणावर एक लिंब होता, तिथे बाया भाकरी खायच्या, त्या लिंबावर वीज पडली आणि खोड अर्धं जळलं. चुलत्याची तिरडी याच वाटेने नेली आणि त्या लिंबाखाली खांदा बदलला. बैलाचा पाय मोडला तो तिथल्याच खडकात चाक अडकून, म्हणून तो खडक दोघा भावांनी फोडून घेतला आणि त्याचे तुकडे बांधाला लावले.

मग आम्ही जाग्यावर गेलो. लिंबाचं अर्धं जळलेलं खोड तारेच्या आत उभं होतं. बांधाला सुरुंगाच्या भोकांचे दगड होते. शेजारच्या शेतातल्या आजीबाईंना त्या लग्नातल्या गाड्या आठवत होत्या, आणि तलावाच्या कामाला त्या स्वतः गेल्या होत्या. वाट सिद्ध झाली मनू, निकाल म्हाताऱ्यांच्या बाजूने लागला, तार काढायला लागली. मुद्द्याचं बोला म्हणून मी त्यांना तोडलं असतं तर ते एवढंच म्हणाले असते की लई वर्षांपासून वापरतो साहेब. आणि लई वर्षांपासून या दोन शब्दांवर कुठलाही तहसीलदार तार काढायचा हुकूम देत नाही.

तुझ्या इंग्लंडमधेही हेच आहे. तिथे लोकांनी एखादी वाट २० वर्षं वापरली, जबरदस्तीने नाही, चोरून नाही, आणि परवानगी मागूनही नाही, तर ती लोकांची मानतात, १९८० च्या हायवेज ॲक्टमधे आहे ते. आणि ते सिद्ध करायला लोकांकडून फॉर्म भरून घेतात, कोणत्या वर्षांत चाललात, किती वेळा, कशासाठी, कुठे फाटक होतं, पाटी होती का, मालक भेटला का. म्हणजे पुन्हा तेच, कुत्र्याला फिरवायला जायचो, आजी त्या बाजूला राहायची, शाळेतून येताना तिथून ब्लॅकबेरी तोडायचो. त्यातून वाट निघते.

तर आता तुझा निबंध. तू लिहिलंयस शेफील्डच्या ओढ्याकाठच्या वाटांवर, पोर्टर ब्रुकवर, आणि पहिली दोन पानं अगदी नीट आहेत, आकडे, नकाशे, कौन्सिलचं धोरण, सगळं. मग तिसऱ्या पानावर एकदम आपली आजी येते. आजी नदीवर धुणं घेऊन जायची ती वाट, वाटेतली चिंच, कालवा आला आणि ती वाट संपली, बायकांचं नदीवर जाऊन बोलणंही संपलं. दोन पानं. मग परत पोर्टर ब्रुक. मॅडमचा शेरा त्या दोन पानांना आहे. आणि मी तुला माझ्या मनातलं खरं सांगतो, ती दोन पानं त्या निबंधातली सगळ्यात चांगली आहेत. आईला मी मराठीत करून वाचून दाखवली, तिने डोळ्याला पदर लावला. ती काढून टाकू नकोस, माझी विनंती समज.

पण शेफील्डच्या बाईंना हे कसं कळावं की आजी इथे का आली? तू त्यांना सांगितलंच नाहीस. मला कळलं कारण ती माझी आई. मी त्या म्हाताऱ्यांचं सगळं ऐकून घेतलं पण जबाबाच्या कागदावर सुरुवात बैलापासून नाही केली. वर लिहिलं, सदर वाटेची वहिवाट १९७२ पूर्वीपासून आहे. आणि मग खाली क्रमाने, लग्न, तलावाचं काम, तिरडी, लिंब, दगड. काही गाळलं नाही, प्रत्येक गोष्ट कशासाठी आहे एवढं कळेल असं मांडलं. ऐकताना मोकळं ऐकायचं आणि कागदावर आणताना वाचणाऱ्याला धरून चालायचं, ही दोन वेगळी कामं आहेत आणि तू दोन्ही एकाच वेळी करायला गेलीस. पहिल्या खर्ड्यात हवं तितकं हिंड, मॅडमना दाखवायच्या खर्ड्यात आजी यायच्या आधी एक ओळ घाल, की जी वाट कुठल्याच नकाशावर नसते ती बंद करताना कुणालाच विचारावं लागत नाही, म्हणून मी एक अशी वाट सांगते. बस, एवढीच ओळ. आणि परत पोर्टर ब्रुकवर येताना एक ओळ, की इथल्या वाटा नकाशावर आल्या म्हणून वाचल्या. वाक्यं तुझी तू कर, मी आपला ढोबळ अर्थ दिला.

आजी तुला देवळात कीर्तनाला न्यायची तेव्हा तू पेंगायचीस, पण बुवा काय करायचे आठवतंय का? आधी पद म्हणायचे, अभंगाच्या दोन ओळी, मग निरूपण, मग त्यातून एक दृष्टांत, दृष्टांतातून दुसरा, मधेच गावातलं काहीतरी, उत्तररंगात तर अख्खं आख्यान, तासभर कुठे कुठे जायचे, आणि शेवटी परत त्याच पदावर येऊन मिळायचे. कुणी म्हणायचं नाही की बुवा भरकटले, कारण पद सगळ्यांच्या कानात होतं. तुझ्या निबंधात पद आहे गं, पण ते पाचव्या पानावर आहे. ते पहिल्या पानावर आण.

त्यांच्याकडेही ही रीत आहेच. सॅम्युअल जॉन्सन, डिक्शनरीवाला, त्याने १७५० ते १७५२ दोन वर्षं दर मंगळवारी आणि शनिवारी एकेक निबंध छापला, २०८ अंक, जवळजवळ सगळे एकट्याने, आणि त्या पत्राचं नाव ठेवलं द रॅम्बलर. विषय वाट्टेल ते, पण वाक्यं इतकी बांधीव की मला एकेक परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. तुमच्या लायब्ररीत असेल, दोन-चार निबंध चाळून बघ, ऐन परीक्षेत नको.

आणि सेमिनारमधे गप्प बसायचं ते मात्र मनातून काढून टाक. निबंध दुरुस्त करता येतो, तो दहा वेळा कर, मॅडमचं ऐक, त्या तुझ्या भल्याचंच सांगतायत आणि त्यांना तुझ्याकडून चांगलं लिहून घ्यायचंय हे त्या शेऱ्याखालच्या बाकीच्या ओळींवरून मला दिसतंय, तू मला फक्त एक शब्द सांगितलास, खाली त्यांनी 'पण हा भाग जिवंत आहे' असंही लिहिलंय ते तू वाचलंस का नीट? बोलणं मात्र थांबवलं की थांबतं. मी चावडीवर किती बायका बघितल्या ज्यांना वाटेचं सगळं माहीत होतं, कुठे दगड, कुठे पाणी, कुणी कधी अडवलं, आणि जबाबाच्या वेळी नवरा किंवा दीर बोलायचा आणि या मागे उभ्या. मी मुद्दाम विचारायचो तेव्हा आधी म्हणायच्या मला नाही बाई सांगता येत मुद्द्याचं. आणि मग सांगायला लागल्या की पानं भरायची. तुला मी एवढ्या लांब शिकायला पाठवलं ते तू त्यांच्यासारखी मागे उभी राहावीस म्हणून नाही. बोल, अडखळलीस तरी बोल, भरकटलीस तर हसून म्हण की मी परत मुद्द्यावर येते, आणि ये. तुझ्या वर्गातली इतर मुलं लहानपणापासून तशा पद्धतीत वाढली असतील, तुला वर्षभर लागेल, लागू दे.

तुझ्याच विषयातली एक गोष्ट, तुझ्या नजरेतून सुटली असेल तर. इंग्लंडच्या नैऋत्येला डार्टमूर म्हणून मोठा माळ आहे, तिथे रात्री तंबू ठोकून राहायचा लोकांचा हक्क आहे की नाही यावर तिकडच्या सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मधे निकाल दिला, लोकांच्या बाजूने. मालकांचं म्हणणं होतं कायद्यातली मोकळ्या हवेतली करमणूक म्हणजे फक्त पायी आणि घोड्यावर, कोर्ट म्हणालं मुक्काम पण त्यातच आला. निकालपत्र इंटरनेटवर आहे, मी अर्धं वाचलंय, इंग्रजी जड आहे पण मांडणी बघण्यासारखी आहे, आधी प्रश्न काय तो एका वाक्यात आणि मग कितीतरी जुने कायदे फिरून परत त्या प्रश्नावर. निबंधाला पण कामाला येईल.

बाकी इकडे ठीक. आईच्या गुडघ्याला आता बरंच बरं आहे, रोज टेकडीपर्यंत जाऊन येतो दोघं. गोडा मसाला आणि मेतकूट कुरिअरने पाठवलंय, सोमवारपर्यंत मिळायला हवं, नाही मिळालं तर ट्रॅकिंग नंबर मागून घे. एप्रिलच्या शेवटी तिकिटं बघतोय, या वेळी किंडरला हेफील्डच्या बाजूने चढायचं असं मी ठरवलंय. हेफील्डची रेल्वे १९७० मधेच बंद झाली, पण न्यू मिल्सपर्यंत ट्रेन आहे आणि तिथून त्या जुन्या रुळांच्या जागीच आता चालायची वाट केलीये, साधारण चार किलोमीटर, आईला तेवढं सहज जमेल. ती गावात चहा पीत बसेल आणि आपण दोघं खाणीपासून वर जाऊ. तू फक्त हेफील्डमधे एक रात्र राहायची सोय बघून ठेव, आणि दुसरा खर्डा झाला की मॅडमकडे जायच्या आधी मला पाठव, मी डिक्शनरी बाहेरच ठेवलीये.

तुझा,
बाबा